ताण देण्याचं (स्ट्रेचिंगचं) शास्त्र: मसाज थेरपिस्ट, योगशिक्षक आणि फिटनेस ट्रेनर यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताण दिल्यावर स्नायू खरंच लांब होतो का?

एका बैठकीत नाही. टेबलवर पाच मिनिटांत पाय दहा अंश जास्त वर गेला, तर त्यामागे दोन गोष्टी असतात. ताण धरून ठेवला की ऊती हळूहळू सैल पडतात आणि त्याच कोनात त्यांचा विरोध कमी होत जातो. हा परिणाम खरा आहे, पण तासाभरात विरतो. दुसरी गोष्ट जास्त मोठी आहे: मज्जासंस्था आधीपेक्षा जास्त ताण सहन करायला तयार होते. १९९६ साली कोपनहेगनमध्ये मॅग्नुसन आणि सहकाऱ्यांनी तीन आठवडे लोकांच्या एकाच पायाच्या हॅमस्ट्रिंगला, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंना, ताण देऊन दोन्ही पाय मोजले. ताण दिलेला पाय जास्त वर जाऊ लागला, पण ठरावीक कोनातला त्याचा कडकपणा पूर्वीइतकाच होता. ऊती तीच राहिली होती, फक्त ‘बस, आता पुरे’ म्हणण्याची वेळ पुढे सरकली होती.

काही महिने नियमित काम केलं तर कडकपणाही थोडा कमी होतो. प्राण्यांमध्ये लांबवलेल्या स्थितीत पाय अनेक आठवडे प्लास्टरमध्ये ठेवला, तेव्हा स्नायूतंतूच्या टोकांना नवे सार्कोमिअर, म्हणजे आकुंचन पावणारे सूक्ष्म घटक, जोडले गेलेले दिसले. पण ते रात्रंदिवस धरलेल्या ताणाचं फळ होतं. आपल्या तीस सेकंदांकडून ती अपेक्षा ठेवू नका आणि क्लायंटला ‘तुमचा स्नायू लांब केला’ असं सांगू नका. ते वाक्य ऐकून माणूस घरी जाऊन जोर लावतो आणि पुढच्या खेपेला दुखणं घेऊन येतो.

क्लायंट म्हणतो ‘पाय आखडलाय’. ताण द्यायचा की नाही, हे कसं ठरवायचं?

आधी स्वतःच्या हातांनी, सावकाश, त्याला काहीही करायला न लावता सांधा शेवटपर्यंत न्या आणि शेवट कसा येतो ते पाहा. ‘आखडलंय’ ही क्लायंटची भावना आहे. तिच्यामागे निदान पाच वेगवेगळी कारणं असू शकतात आणि त्यातल्या दोन-तीन कारणांवरच ताण उपयोगी पडतो.

शेवट रबरासारखा आला, म्हणजे विरोध वाढत गेला आणि क्लायंटने बोट ठेवून ‘इथे ओढतंय’ म्हणत स्नायूचा मधला भाग दाखवला, तर तिथे ताण द्यायला हरकत नाही. शेवट जाड चामडं ओढल्यासारखा आला आणि ठरावीक दिशांनाच हालचाल कमी असली, तर सांध्याचं आवरण आखडलेलं असतं. फ्रोझन शोल्डरमध्ये हात बाहेरच्या बाजूला फिरवताना हे स्पष्ट कळतं. लाकडावर लाकूड टेकावं तसा टणक शेवट आला तर हाड हाडाला भिडलंय. तिथे कितीही महिने ताण दिला तरी एक अंशही मिळणार नाही, उलट सांधा चिडेल. चौथी तऱ्हा अशी की हाताला विरोध काहीच लागत नाही आणि क्लायंट मात्र कळवळून थांबवतो. तिथे लगेच थांबा आणि डॉक्टरांकडे पाठवा. पाचवी तऱ्हा सगळ्यात जास्त भेटते: वेगाने नेलं की मध्येच घट्ट होतं, सावकाश नेलं आणि दोन श्वास थांबलं की सुटतं. तिथे स्नायू राखण करतोय, म्हणजे बचावासाठी स्वतःला आवळून धरतोय. तिथे आधी विश्वास आणि श्वास, मग ताण.

वेगामुळे फरक का पडतो, तर स्नायूतले स्पिंडल नावाचे संवेदक लांबीबरोबर लांबण्याचा वेगही टिपतात. झटका दिला की ते मज्जारज्जूमार्फत त्याच स्नायूला आकुंचनाचा हुकूम देतात.

मांडीच्या मागे ओढतंय ते हॅमस्ट्रिंग की नस (मज्जातंतू)?

क्लायंटला पाठीवर झोपवा, गुडघा सरळ ठेवून पाय वर न्या आणि ओढ सुरू झाली की थांबा. पाय तिथून अजिबात हलू न देता त्याला हनुवटी छातीला लावायला सांगा. मान आणि मांडी यांना जोडणारा स्नायू नाही. मान वाकवल्यावर मांडीतली ओढ वाढली किंवा कमी झाली, तर त्यात नसेचा वाटा आहे. पुढे मान सोडून पायाचा पंजा नडगीकडे ओढा. ओढ पोटरीपलीकडे पावलापर्यंत गेली, मुंग्या आल्या किंवा वीज चमकल्यासारखं वाटलं, तरी उत्तर तेच.

नस ताणून धरायची नसते. ती लांबली की तिच्यातला रक्तपुरवठा घटतो, म्हणून ती तक्रार करते. तिला सरकवायचं असतं: क्लायंट खुर्चीत बसून गुडघा सरळ करताना मान वर करतो आणि गुडघा वाकवताना मान खाली घेतो. एका टोकाला ताण पडला की दुसऱ्या टोकाला सैल मिळते. न थांबता दहा ते पंधरा वेळा, लक्षणं न जागवता. वर्षानुवर्षं ‘हॅमस्ट्रिंग कडक’ म्हणून ताणत राहिलेल्या कित्येकांचा खरा प्रश्न इथे असतो.

ताण किती सेकंद धरायचा? आठवड्यातून किती वेळा?

तीस सेकंद. बँडी आणि आयरियन यांनी १९९४ मध्ये हॅमस्ट्रिंगवर १५, ३० आणि ६० सेकंदांची तुलना केली. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. ३० सेकंद १५ पेक्षा सरस ठरले आणि ६० ने त्यात भर घातली नाही. अपवाद ६५ वर्षांवरच्यांचा: त्यांना ६० सेकंदांचा फायदा जास्त होतो. एका स्नायूला आठवड्याभरात एकूण पाच मिनिटं तरी मिळावीत आणि ती पाच-सहा दिवसांत विभागलेली असावीत. रविवारी एकदम अर्धा तास ताणण्यापेक्षा रोजचं एक मिनिट जास्त देऊन जातं. म्हणून तुमच्या टेबलवरच्या आठवड्यातल्या एका बैठकीपेक्षा क्लायंटने घरी काय केलं, ते जास्त महत्त्वाचं.

तीव्रता विचारायची तर ० ते १० मध्ये ४ ते ६. श्वास अडकला, कपाळाला आठी पडली किंवा पायाची बोटं वळली, तर आकडा काहीही सांगो, तुम्ही पुढे गेलेले आहात.

कॉन्ट्रॅक्ट-रिलॅक्स (आधी स्नायू आवळायचा, मग सोडून ताण द्यायचा) टेबलवर नेमकं कसं करायचं?

हॅमस्ट्रिंगचंच उदाहरण घेऊ, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

तेल लावलेलं असेल तर आधी पाय कोरडा पुसा आणि टाचेखाली पंचा गुंडाळा. घसरणाऱ्या टाचेला धरायला तुम्ही नकळत जोर लावता आणि तो जोर क्लायंटला झटका म्हणून पोचतो. दुसरा पाय टेबलवर सरळ, त्याच्या मांडीवरून पट्टा किंवा तुमचा गुडघा हलकेच टेकलेला. ज्या पायावर काम करायचं त्याची टाच तुमच्या खांद्यावर. तुमचा एक तळवा मांडीवर, गुडघ्याच्या वर चार बोटं. गुडघ्याच्या वाटीवर कधीच नाही. दुसऱ्या हाताची बोटं कमरेच्या पुढच्या उंचवट्यावर, म्हणजे कंबर कधी फिरते ते कळेल.

पाय वर न्या आणि पहिला विरोध लागला की थांबा. तिथे १० ते १५ सेकंद. मग सांगा: ‘टाच माझ्या खांद्यावर हळू दाबा, पूर्ण ताकदीच्या पाव हिश्शाने.’ सहा सेकंद. त्याला मोठ्याने अंक मोजायला लावा, म्हणजे श्वास कोंडणार नाही. रक्तदाब असणाऱ्यांत हे विसरू नका. ‘सोडा’ म्हणा, एक उच्छ्वास होऊ द्या, मग त्यालाच पाय वर उचलायला सांगा. तो उचलेल तितकंच तुम्ही मागोमाग जायचं, ढकलायचं नाही. नव्या जागी १५ ते २० सेकंद. असे तीन फेरे पुरेत. उतरवताना गुडघा वाकवून, आधार देत.

कुठे बिघडतं? क्लायंट पूर्ण ताकद लावतो आणि मांडीत गोळा येतो. याची गरजच नसते. २००४ च्या एका अभ्यासात २० टक्के, ६० टक्के आणि १०० टक्के जोर लावणाऱ्या गटांना सारखाच फायदा झाला होता. कंबर टेबलवरून उचलली जाते आणि आपण समजतो की पाय वर आला. थेरपिस्ट पंजा दाबून धरतो आणि हॅमस्ट्रिंगऐवजी पोटरी आणि नस ताणली जाते. दुखणं बसायच्या हाडाजवळ, नितंबाच्या घडीत आलं तर ताबडतोब थांबा. ते टेंडनचं, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचं, दुखणं असू शकतं आणि तिथे खोल वाकवण्याने टेंडन हाडावर दाबला जातो. योगाभ्यास करणाऱ्यांत हे बरंच दिसतं आणि ‘अजून थोडं ताणू’ हा त्यावरचा सगळ्यात वाईट सल्ला.

हे तंत्र काम कशामुळे करतं?

१९४० च्या दशकात अमेरिकेत हर्मन कॅबट यांनी ही पद्धत अर्धांग आणि पोलिओसारख्या आजारांच्या रुग्णांसाठी उभी केली. प्रशिक्षणात अजूनही शिकवतात की आकुंचनाने टेंडनमधले गोल्जी संवेदक जागे होतात आणि स्नायूला सैल सोडायला लावतात. तो परिणाम काही सेकंदच टिकतो आणि आकुंचनानंतर ताण देताना स्नायूची विद्युत हालचाल कमी झालेली दिसत नाही. म्हणजे फायदा खरा आहे, कारण वेगळं आहे: इथेही बहुतेक करून ताणाची सहनशक्ती वाढते. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की वेळेच्या सेकंदा-सेकंदावर अडून बसू नका. क्लायंटला सुरक्षित वाटणं जास्त मोलाचं.

मालिश आधी की ताण आधी?

मालिश आधी. ऊब आणि स्पर्श दोन्हींनी राखण सुटते. मालिशनंतर लगेच शेवटच्या टोकापर्यंत मात्र जाऊ नका, कारण वेदनेचा इशारा तेव्हा थोडा बोथट असतो.

फॅशिया (स्नायूंभोवतीचं पातळ आवरण) ‘मोकळा’ होतो का? मांडीच्या बाहेरचा पट्टा रोलरने लांब होतो का?

मांडीच्या बाहेरचा आयटी बँड हा स्नायू नाही. तो खुब्याच्या वरच्या ‘टेन्सर फॅशिया लाटा’ या छोट्या स्नायूपासून आणि नितंबाच्या मोठ्या स्नायूपासून गुडघ्याखालच्या हाडापर्यंत जातो आणि मांडीच्या हाडालाही आतून चिकटलेला असतो. इतक्या घट्ट ऊतीचा आकार कायमचा बदलायला लागणारा जोर माणसाच्या हातात नाही. रोलरनंतर बरं वाटतं ते स्पर्शामुळे आणि वेदनेची जाण बदलल्यामुळे. ते वाटणं खोटं नाही, म्हणून रोलर काढून टाकायची गरज नाही. फक्त काळंनिळं होईपर्यंत दाबू नका. पट्ट्याला जोडलेल्या स्नायूंवर, म्हणजे खुब्याच्या बाजूला आणि नितंबावर काम करा.

खेळाआधी ताण द्यावा की नाही?

बेम आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. एका स्नायूला ६० सेकंदांपेक्षा कमी स्थिर ताण दिला तर ताकद आणि उडी सरासरी १.१ टक्क्याने घटली, ६० सेकंद किंवा जास्त दिला तर ४.६ टक्क्यांनी. कबड्डी, खो-खो, धावणं, वेटलिफ्टिंग यांत साडेचार टक्के फार होतात. म्हणून सामन्याआधी हालचालीतून ताण: पाय पुढे-मागे झुलवणं, चालत लंज, गुडघे उचलत धावणं, हळूहळू वेग वाढवत. ज्याला मल्लखांब किंवा जिम्नॅस्टिकसाठी मोठा पल्ला लागतोच, त्याने १५ ते ३० सेकंदांचे थोडे स्थिर ताण घ्यावेत आणि त्यानंतर पाच-सात मिनिटं जोमाच्या हालचाली कराव्यात. मग तोटा जवळपास राहत नाही.

ताण दिल्याने अंगदुखी आणि दुखापत टळते ना?

दुसऱ्या दिवशीची अंगदुखी टळत नाही. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात १०० गुणांच्या मापावर फरक सरासरी एखाद्या गुणाचा आला, एका मोठ्या अभ्यासात चार गुणांचा. दुखापतीबाबत ऑस्ट्रेलियन सैन्यातल्या १,५३८ नव्या जवानांवर २००० साली झालेला अभ्यास नेहमी दाखवला जातो: व्यायामाआधी ताण देणाऱ्या आणि न देणाऱ्या गटांत पायाच्या दुखापती जवळपास सारख्याच होत्या. हॅमस्ट्रिंगची दुखापत कमी करायची असेल तर नॉर्डिक कर्ल जास्त भरवशाचा: गुडघ्यांवर उभं राहून, घोटे कुणाकडून धरवून, शरीर हळूहळू पुढे सोडायचं. तो नियमित करणाऱ्या संघांत या दुखापती साधारण निम्म्यावर येतात.

यातून आणखी एक गोष्ट निघते. पूर्ण पल्ल्यातून केलेला ताकदीचा व्यायाम लवचिकताही वाढवतो, जवळपास ताण देण्याइतकीच. ज्याला ताणाचा कंटाळा येतो त्याला खोल स्क्वॉट आणि सरळ पायांचा डेडलिफ्ट द्या.

वारीतून किंवा ट्रेकहून आलेल्याच्या पोटऱ्यांवर काय करावं?

आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. वाटेत मुक्कामाच्या गावी वारकऱ्यांचे पाय चेपायला कितीतरी हात पुढे येतात आणि ती सेवा मोठी आहे. म्हणूनच हात लावण्याआधी दोन्ही पोटऱ्या एकदा शेजारी ठेवून बघा. एकच पाय सुजलेला, गरम, दाबल्यावर दुखणारा असेल तर तिथे मालिशही नको, ताणही नको. रक्तवाहिनीत गुठळी असू शकते. लगेच वैद्यकीय पथकाकडे. दुसरा प्रश्न मधुमेहाचा: तळव्याला स्पर्श कळतो का ते डोळे मिटायला लावून बोटाने तपासा. कळत नसेल तर वेदना विचारून ताणाची मर्यादा ठरवता येणार नाही.

बाकी सगळ्यांना हलक्या हाताची मालिश पावलाकडून गुडघ्याकडे, मग पोटरीचे दोन ताण. गुडघा सरळ ठेवला की वरचा गॅस्ट्रोक्नेमियस ताणला जातो, वाकवला की खालचा सोलिअस. चढ चढलेल्याला बहुधा सोलिअस छळत असतो आणि तोच विसरला जातो. वीस-तीस सेकंद, दोनदा. गोळा आला असेल तर पंजा नडगीकडे घेऊन शांतपणे धरून ठेवा. यावर ताण हाच सगळ्यात जलद उपाय.

टाच सकाळी पहिल्या पावलाला ठणकते. पोटरी ताणायची का?

पोटरीपेक्षा तळव्याला नेमका ताण द्या. बिछान्यातून उतरण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा, हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळव्यातली ताठ झालेली दोरी चाचपायची. ती हाताला लागली म्हणजे ताण बरोबर. १० सेकंद धरायचं, १० वेळा, दिवसातून तीनदा. पहिला फेरा पाय जमिनीला लागण्याआधीच झाला पाहिजे, नाहीतर अर्धा फायदा गेला.

पद्मासनात गुडघा दुखतो. सरावाने जाईल का?

नाही, आणि सराव वाढवू नका. पद्मासनाची फिरकी खुब्यातून यावी लागते. खुबा जिथे थांबतो तिथून पुढचं वळण गुडघा घेतो आणि गुडघ्याची घडण तशी नाही. आतल्या बाजूच्या गादीवर, म्हणजे मेनिस्कसवर भार येतो. खुबा किती फिरेल हे बऱ्याच अंशी मांडीच्या हाडाच्या पिळावर आणि खोबणीच्या दिशेवर ठरतं. ते जन्माबरोबर येतं. क्लायंटला पालथं झोपवा, गुडघा ९० अंशांत वाकवा आणि नडगी आत-बाहेर नेऊन बघा. नडगी बाहेर खूप जाते आणि आत फार थोडी, तर त्याचा खुबा आतल्या फिरकीचा आहे. अशा माणसाला मांडी घालून किंवा उंच आसनावर बसवा आणि विषय तिथेच संपवा.

वज्रासनाची आणि खूप वेळ उकिडवं बसण्याची एक वेगळी काळजी आहे. गुडघ्याच्या बाहेर, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या मानेवरून पेरोनिअल नस अगदी कातडीखालून जाते. तासन्‌तास दबली तर पंजा उचलता येईनासा होतो. पायाला बधिरपणा आला की उठायचं. ‘सहन करा, सवय होईल’ हे वाक्य वर्गात नको.

अंग फारच लवचिक असलेल्यांना काय द्यावं?

ताकद. करंगळी मागे ९० अंशांपलीकडे जाते का, अंगठा मनगटाच्या वर हाताला टेकतो का, कोपर आणि गुडघा उलटे वाकतात का, गुडघे न वाकवता तळवे जमिनीवर पूर्ण टेकतात का? पहिल्या चार गोष्टी दोन्ही बाजूंना तपासायच्या, म्हणून सांध्यांच्या लवचिकतेच्या बायटन मापाचे हे नऊ गुण. प्रौढात पाच किंवा जास्त आले तर सांधे अतिलवचिक धरायचे. हीच माणसं बऱ्याचदा म्हणतात की अंग आखडल्यासारखं वाटतं, कारण सैल सांधा सांभाळायला स्नायू सतत राखण करत असतात. त्यांना ताण दिला की दोन तास बरं वाटतं आणि मग दुखणं वाढतं.

कोणाला ताण देऊ नये, किंवा विचारून द्यावा?

हाडं ठिसूळ झालेल्यांना कंबरेतून पुढे वाकवू नका. १९८४ च्या सिनाकी यांच्या अभ्यासात पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या स्त्रियांपैकी ८९ टक्क्यांना मणक्याचे नवे दाबफ्रॅक्चर झाले, मागे वाकण्याचे करणाऱ्यांत १६ टक्क्यांना. पश्चिमोत्तानासन आणि पोट आवळून उठण्याचे व्यायाम त्यांच्या यादीतून काढा.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी अँटिबायोटिक चालू असतील किंवा नुकतीच घेतली असतील, तर टेंडन, विशेषतः टाचेवरचा, तुटायचा धोका वाढतो. स्टेरॉइडही सोबत असेल तर आणखी. क्षयावरच्या काही उपचारांत लिव्होफ्लॉक्सासिन महिनोन्‌महिने असतं, म्हणून ‘कोणती औषधं चालू आहेत’ हा प्रश्न नोंदीच्या कागदावर असायलाच हवा. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर सर्जनने सांगितलेल्या मर्यादा लेखी मागा. मांडीला जबर मार लागला असेल तर पहिल्या काही आठवड्यांत जोराची मालिश आणि ताण दोन्ही टाळा, स्नायूत हाड तयार होऊ शकतं.

मान कडकन मोडणं हा ताण नाही. झटक्याने फिरवलेल्या मानेत मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीचं अस्तर फाटू शकतं. मान अशी कुणाचीही मोडू नका, क्लायंटने सांगितलं तरी. मानेला ताण द्यायचा तर डोकं तुमच्या तळव्यांत, हालचाल क्लायंटची, तुमचा फक्त आधार. चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलणं अडखळणं यांतलं काहीही झालं तर लगेच रुग्णालयात.

फ्रोझन शोल्डर जोर लावून सुटतो का?

दुखऱ्या टप्प्यात मुळीच नाही. २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात वेदनेच्या आत हालचाल करणाऱ्यांपैकी ८९ टक्के दोन वर्षांत जवळपास पूर्ववत झाले, जोर लावून ताण दिलेल्यांपैकी ६३ टक्के. रात्रीची झोपमोड थांबेपर्यंत झुलता हात आणि काठीने हलका आधार, एवढंच. मधुमेह असणाऱ्यांत हा आजार जास्त होतो आणि जास्त रेंगाळतो, तेव्हा साखर तपासली का, हे विचारा.

सुधारणा मोजायची कशी?

‘बरं वाटतंय’ लिहून ठेवू नका, आकडा लिहा. घोट्यासाठी भिंतीची चाचणी सोपी आहे: टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा भिंतीला टेकलेला, अंगठा भिंतीपासून किती सेंटीमीटर मागे नेता येतो ते टेपने मोजा. बऱ्याच जणांत १० च्या आसपास येतं. दोन पायांत २ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर लक्ष द्या. ओढ मागे पोटरीत असेल तर ताण द्या. चिमटा पुढे घोट्याच्या घडीत असेल तर सांधा अडतोय, पोटरी कितीही ताणली तरी आकडा हलणार नाही. पाय वर उचलण्याचा कोन मोबाइलमधल्या कोनमापक ॲपने नडगीवर मोबाइल ठेवून मोजता येतो. दर वेळी दिवसाची तीच वेळ आणि मालिशच्या आधी. पुढे वाकण्याची मोजणी सकाळी उठल्याच्या पहिल्या तासात करू नका, रात्रभर पाणी शोषून मणक्यांमधल्या गाद्या फुगलेल्या असतात. सहा आठवडे घरचा सराव होऊनही आकडा जागचा हलला नाही, तर सेकंद वाढवण्याआधी सांध्याचा शेवट पुन्हा एकदा हाताने तपासा.